फोकट आणि मोकयं

सर, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील, आणि माझ्या दुकानात माणसं अजून येऊन म्हणतात, "ताई, आमच्या कॉम्प्युटरमंदी बदकवालं टाकून द्या." ते बदक नाही, पेंग्विन आहे, असं मी पहिली काही वर्षं सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. चूक तुमचीच आहे. दिग्रसला तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते चित्र पहिल्यांदा पडद्यावर उमटलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, "सर, हे बदक कायचं?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी गंभीरपणे म्हणालात, "हे आपलं बदक. याले दाना लागत नाही, पानी लागत नाही, अन् हे कोनाचं पाळेल नाही." झालं. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या मूळ प्रणालीचं खरं नाव आम्हाला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन मी झरीकडे आले, फाट्यावर हे झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, आणि पुढे तुमचं बदकही इथं आलं. इथं ते चांगलं रुळलं आहे.

आज शनिवार. सोयाबीन काढणीचे दिवस आहेत, त्यामुळे सकाळपासून दुकानात कोणी फिरकलेलं नाही. एरवी मी अशा वेळी जुनी कामं उरकते. आज तुम्हाला लिहायला बसले, कारण गुरुवारी असं काही झालं की तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते नीट कळणार नाही. इथून आत, जंगलाच्या कडेला एक कोलामपोड, म्हणजे कोलामांची वस्ती आहे. तिथल्या ग्रामसभेची सचिव असलेली बाई गुरुवारी आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, बोलायला शांत, पण एकदा बसली की काम झाल्याशिवाय उठत नाही. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक सीडी काढली. गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यातली हद्दीची यादी त्या सीडीत होती. आपलं जंगल कुठून सुरू होतं, कोणत्या दगडावरून वळतं, कोणत्या नाल्यानं खाली उतरतं, हे तिच्या आज्यानं एकेकाळी सांगितलं होतं आणि कोणीतरी टाइप केलं होतं. कागद गावातल्या लाकडी पेटीत होते, ते वाळवीनं खाल्ले. आजा वारला. त्याच्या बरोबरीची दोन माणसंही गेली. आता सोमवारी मोजणीची माणसं हद्द फिरायला येणार, आणि गावाच्या हातात दाखवायला म्हणून काही असेल तर ती सीडी. "हे नाही निंघालं तं आमी त्याईले काय दाखवाव, ताई?" ती म्हणाली.

सीडी उघडली. फाइल होती, नशीब. पण पडद्यावर जे आलं ते पाहून तिचा चेहराच पडला. सगळी इंग्रजी अक्षरं, मध्येच अवग्रहासारखी चिन्हं, कंस, टिंबं. "हे इंग्लिश काहून झालं? आज्यानं तं इंग्लिश कधी आयकलंबी नव्हतं," ती म्हणाली. पहिल्याच ओळीत व्ही, के, बी आणि मोठा झेड असे लागून आले होते, आणि माझ्या डोळ्यांना ते 'आई' असं दिसलं. त्यापुढचा शब्द 'देवीचा', मग 'दगड'. जुना फॉन्ट, सर. ज्या फॉन्टला तुम्ही शेवटी शेवटी 'मुखवटा' म्हणायचात तो. आत इंग्रजी अक्षरं, वरून देवनागरीचं सोंग. ज्या मशीनमध्ये तो फॉन्ट आहे तिथं मराठी दिसणार, नाही तिथं ही अशी गिचमिड. आणि ही यादी टाइप करणारं 'कोणीतरी' कोण हेही मला लगेच कळलं. शेवटच्या पानाच्या तळाशी माझ्याच दुकानाचं नाव होतं.

तुमचं इन्स्टिट्यूट आठवतं मला. बाजार समितीच्या रस्त्याला, खाली बियाण्याचं दुकान, वर आपण. समोरच्या कापसाच्या जिनिंगमधून रुईचे तंतू उडत यायचे आणि टायपिंग मशीनच्या दांड्यांमध्ये अडकून बसायचे. तुम्ही सायकलचा पंप घेऊन रोज सकाळी एकेका मशीनमध्ये हवा मारायचात, आणि सगळा पांढरा कचरा आमच्या केसांत यायचा. कपाशीच्या हंगामात आम्ही सगळ्या पोरी अवेळी म्हाताऱ्या होऊन घरी जायचो. मी एकोणीस वर्षांची होते. बारावीत एकदा घसरले होते आणि घरात माझ्याकडे पाहून उसासे टाकायची सगळ्यांना सवय लागली होती. तुम्ही मला खिडकीजवळचं मशीन दिलं, ज्याचा 'र' अर्धाच उमटायचा. पहिल्या आठवड्यातच तुम्ही पुठ्ठ्याचं खोकं आणलंत, बुटांचं, त्याला पुढून-मागून भोकं पाडलेली. ते माझ्या हातांवर उपडं ठेवलंत. "आता पाह्य कुठं पाह्यतं ते," तुम्ही म्हणालात. मी रडकुंडीला आले. किती चुकायचे! तुम्ही मागून येऊन म्हणायचात, "डोये कागदावर ठेव, पोरी. बोटाइले त्याइचं काम करू दे." महिनाभरानं एक दिवस बोटं खरंच आपली आपली जायला लागली. वेलांटी आधी, मग अक्षर. अक्षर आधी, मग रफार. त्या दिवशी घरी जाताना मला जगात पहिल्यांदा काहीतरी येतं असं वाटलं. तो दिवस तुम्ही मला दिलात. मी तसं तुम्हाला कधी म्हटलं नाही, कारण आपल्याकडे असं तोंडावर बोलायची रीत नाही, आणि तुम्हीही ऐकून घेतलं नसतं.

मशीनं मागे पडायला लागली तेव्हा बाकीच्या इन्स्टिट्यूटवाल्यांनी कपाळाला हात लावला. तुम्ही कुठून तरी तीन जुने कॉम्प्युटर आणलेत आणि पन्नाशीत स्वतः विद्यार्थी झालात. मग तुमचं ते सीड्या वाटण्याचं वेड सुरू झालं. निरोप घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक सीडी, तिच्यावर मार्करनं लिहिलेलं 'मोकळं'. लिहिताना मोकळं, बोलताना मोकयं. त्यात चिठ्ठ्या लिहायचं आणि हिशोबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर होतं. नारिंगी शंकूवालं होतं, जे कोणत्याही लग्नाची कसलीही सीडी चालवायचं. पृथ्वीला शेपूट गुंडाळून बसलेला कोल्हा होता इंटरनेट पाहायला. तोंडात ब्रश धरलेलं एक जनावर होतं फोटो नीट करायला. आवळून बांधलेल्या फायली सोडवणारं एक होतं. नावं तुम्ही एकाचंही घेत नव्हता, सगळा कारभार चित्रांवर. "कोल्ह्यावर जा." "शंकूत टाक." नवीन माणसाला वाटावं इथं काहीतरी जादूटोणा चालतो. मी एकदा म्हटलं, "सर, बरं झालं न, सगळं फोकट भेटते." तेव्हा तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. "फोकट नोको म्हणू. फोकट म्हंजे कोनीतरी देल्लं, अन् त्याच्या मनात आलं तं उद्या काढून घेईन. हे मोकयं हाय. दाव्याले बांधेल नाही. कसं बनवलं ते उघडून पाह्य, बदलव, दुसऱ्याले दे, कोनी इचारनार नाही." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. तुम्हाला भाषण करायला आवडतं, एवढंच कळलं.

माझं दुकान सुरू होऊन वर्ष झालं होतं तेव्हा तुम्ही आला होता. दिग्रसहून तीन एसट्या बदलून. पिशवीत माझ्यासाठी घरचे तुरीचे दाणे आणि दोन नव्या सीड्या. मी चहा मागवला, कौतुकानं दुकान दाखवलं. तुम्ही खुर्चीवर बसलात, माझा कॉम्प्युटर उघडलात आणि तुमच्या कपाळावर आठ्या आल्या. मी सगळीकडे चोरीचं टाकून ठेवलेलं होतं. कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरची एक सीडी इकडे हातोहात फिरायची, सगळे तेच वापरायचे, गिऱ्हाईकही तेच मागायचं. "हे कायले टाकतं तू?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, लोक मागतात सर, बदक कोणी मागत नाही. "लोकाइले मागता येते का? त्याइले जे दाखवशीन ते मागतीन. तुले म्या चोरी करासाठी शिकवलं का?" दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर. मला इतका राग आला की मी तुमच्याकडे पाठ करून झेरॉक्स काढत राहिले. मग तुमची नजर टाइप केलेल्या एका अर्जावर गेली. "अन् हे? हा मुखवटा अजून सोडला नाही? युनिकोडमध्ये लिह्य म्हटलं होतं न म्या. अक्षर असं पायजे का कोनाच्याबी मशीनवर गेलं तं अक्षरच राह्यलं पायजे." मी म्हटलं, माझा हात जुन्यावर बसला आहे, आणि तो तुम्हीच बसवला आहे. त्या दिवशीचा तेवढा एकच डाव मी जिंकले.

दिवसभर बसून तुम्ही माझे दोन्ही कॉम्प्युटर धुऊन पुसून त्यात बदक बसवलंत, संध्याकाळच्या गाडीनं गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं काढून चोरीचं पुन्हा टाकलं. हे तुम्हाला कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, आणि त्यानंतर पावसाळ्यात त्या चोरीच्या सीडीतूनच आलेल्या कसल्या तरी किड्यानं माझे आणि इथल्या निम्म्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर एकाच आठवड्यात आडवे केले. शाळेचे निकाल गेले, एका दवाखान्याच्या नोंदी गेल्या, माझ्याकडे रांग लागली आणि रांगेतला प्रत्येक माणूस माझ्याकडे संशयानं पाहत होता. मी कपाटातून तुमची सीडी शोधून काढली. तेव्हापासून बदकच आहे. इतकी वर्षं त्यानं मला एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही.

आता तुम्ही दुकानात आलात तर खूश व्हाल, सर, आणि तरी दोन चुका काढालच. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे आणि माझं अर्धं काम माणसांना इंटरनेटवर सांभाळून चालायला शिकवण्याचं झालं आहे. निकाल पाहायला, पिकाचा विमा भरायला माणूस एका पानावर जातो आणि तिथं चार खोटी बटणं त्याला डोळे मारत असतात. मी प्रत्येकाच्या फोनमध्ये कोल्हा टाकून देते आणि त्याला जाहिराती अडवणारी ढाल जोडते. मग खोटी बटणं गायब, उरतं तेच खरं. आर्णीहून इकडे बदलून आलेल्या एका गुरुजींनी आपले सगळे पासवर्ड शाळेच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, एकादशीच्या रकान्यात एक, पौर्णिमेला एक. त्यांना पासवर्ड ठेवायची ती कुलपाची मोकळी पेटी दिली, आता त्यांना एकच लक्षात ठेवावा लागतो आणि तोही ते मला फोन करून विचारतात. अर्जाला फोटो अमुक इतक्याच केबीचा पाहिजे म्हणून पोरी रडवेल्या होऊन येतात, ब्रशवाल्या जनावरात दोन मिनिटांत होतं. चार कागद जोडून एक करायचे, ते कोणत्या तरी भलत्या संकेतस्थळावर चढवण्यापेक्षा इथल्या इथं, दुकानातल्या दुकानात, मोकळ्या अवजारात. कोणाचं आधारकार्ड कुठं जात नाही. लोक विचारतात, "याचं काय घेता?" मी म्हणते, माझ्या वेळेचं घेते, याचं काही नाही. "म्हंजे फोकट?" ते म्हणतात. आणि मग मी चहा खाली ठेवते, सर, आणि भाषण देते. तुमचंच, शब्दाला शब्द. समोरच्याला काही कळत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, तरी देते.

तर ती हद्दीची यादी. ती मी तुमच्या त्या भेटीनंतर तीन महिन्यांनी टाइप केली होती, चोरीच्या सॉफ्टवेअरात, मुखवट्याच्या फॉन्टमध्ये. मला तो दिवस चांगला आठवतो. गावातली पाच-सहा माणसं आली होती. आजा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला, पाय वर घेऊन, डोळे मिटून. तो यादी सांगत नव्हता, तो चालत होता. कोलामीत दोन वाक्यं बोलायचा, थांबायचा, जणू चढ लागला आहे. शेजारचा माणूस मराठी करून सांगायचा, "इथून खाली उतरलं का दोन भावांचा दगड लागते. दगडाले उजवीकडं ठेवून चालाचं." मग आजा पुन्हा चालायला लागायचा. मोहाच्या झाडापाशी तर तो नुसताच बसून राहिला, बराच वेळ, आणि मराठी करणारा माणूस म्हणाला, "इथं सावली हाय न ताई, थांबला तो." सगळे हसले. मीही हसले. माझी बोटं त्याच्या मागून चालत होती.

गुरुवारी मी त्या बाईला म्हटलं, बसा, निघेल. खात्री नव्हती, पण म्हटलं. फाइल जुन्या चोरीच्या सॉफ्टवेअरची. ती तुमच्या सीडीतल्या चिठ्ठ्या लिहायच्या मोकळ्या सॉफ्टवेअरनं कुरकुर न करता उघडली होती. मग तुमच्या दुसऱ्या सीडीतलं ते पान काढलं, ज्यात वर एक चौकट आणि खाली एक चौकट असते. वर मुखवटा टाकायचा, खाली युनिकोड बाहेर येतं. इंटरनेट लागत नाही. कोणा अनोळखी माणसानं मराठीच्या कळवळ्यानं लिहून जगासाठी सोडून दिलेलं. बटण दाबलं आणि खाली देवनागरी ओळी धावत आल्या. ती बाई खुर्चीतून अर्धी उठली. "आलं! ताई, आलं!" पण मी वाचायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की हे अर्धंच आलं आहे. साधी मराठी ठीक होती. पण वेलांटी आणि रफार जिथं जोडाक्षराला लागले होते तिथं गडबड होती. टेंभुर्णीचा रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता. टेंभुर्णी मला ओळखता येते. कोलामी नावं कशी ओळखणार? तिलाही सगळी माहीत नव्हती. "हे नाव म्या कधी आयकलं नाही," ती दोन-तीन ठिकाणी म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला.

मग मी खालची चौकट झाकली आणि वरच्या गिचमिडीकडे पाहिलं. कुठं एफ, कुठं एच, कुठं मोठा झेड. बोटं कळफलकावर ठेवली आणि ती इंग्रजी अक्षरं एकेक करून दाबत गेले, डोळे फक्त पडद्यावर. सर, तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. पण बोटांना आठवत होतं. डोळ्यांना जे काही सांगता येत नव्हतं ते बोटं सांगत होती. वेलांटी आधी, म्हणून ही या अक्षराची. रफार नंतर, म्हणून तो त्याचा. मी मोठ्यानं म्हणत गेले, एकेक नाव, आणि ती मान डोलावत गेली. एका नावावर ती एकदम हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे आजा असंच म्हणे. मधी असा दम घेऊन म्हणे. आमी लहान असताना त्याची नक्कल करो." दुपारचा चहा दोनदा गार झाला. संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळी यादी युनिकोडमध्ये, मोकळ्या फाइलीत, कोणत्याही मशीनवर अक्षरच राहील अशी तयार होती. बुटाचं खोकं, रुईचा कचरा, अर्धा उमटणारा 'र', सगळ्याचं सार्थक झालं असं मला वाटलं. आणि तुमचे आभार मानायचे राहिले होते ते त्या वेळी मी मनातल्या मनात मानले, अगदी हात जोडून. ती बाई म्हणाली, "कोनाले नमस्कार करून राह्यले, ताई?" म्हटलं, माझ्या सरांना.

तिला जायचं नव्हतं. मी तिला तो मोकळा नकाशा दाखवला, जो जगातली माणसं मिळून भरतात, ज्यात आपला रस्ता, आपली विहीर, आपला नाला कोणीही लिहू शकतं. तिचं गाव तिथं एक नुसतं टिंब होतं. आम्ही दोन नाले लिहिले, दोन भावांचा दगड लिहिला. "म्हंजे आता हे दुनियेले दिसन?" हो म्हटलं. तिनं विचार केला. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे नोको टाका. हे आमच्यातच राहू द्या." मी नाही टाकलं. इथंही लिहीत नाही. मोकळं करायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, हे तुम्ही भाषणात कधी सांगितलं नव्हतं. ते मला तिच्याकडून कळलं.

मग प्रिंट काढली. ती एकेक पान मोठ्यानं वाचत होती, गावात वाचून दाखवायची तालीम म्हणून. तिसऱ्या पानावर, पूर्वेच्या उताराला, ओळ होती: या बाजूस खालील नाले गावाच्या वापरात आहेत. पुढे चार नावं. आणि चौथ्या नावानंतर, 'इत्यादी'. ती थांबली. "इत्यादी म्हंजे?" मी म्हटलं, म्हणजे असेच आणखी काही. तिनं चारही नावं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आमच्या गावची एक म्हातारी म्हणते, तिकडं अजून दोन नाले हायेत. उन्हाळ्यात पानी त्याइलेच राह्यते. मोजणीवाल्याले ते बी सांगा म्हणते. पन आज्याच्या कागदात नाही, तं आपन कसं सांगाव? त्यानं चारच घेतले. इत्यादी म्हटलं अन् सोडून देल्लं. त्यानं सोडलं ते आपन नाही वाढवाचं." तिनं पानं नीट जुळवली, पिशवीत ठेवली, माझ्या हाताला हात लावला आणि गेली.

आजा इत्यादी म्हणणारा माणूस नव्हता, सर. तो झाडाखाली सावलीला थांबायचा, तो नाला सोडून कसा जाईल? पूर्वेच्या उतारावर तो चौथ्या नाल्यापाशी थांबला होता. मराठी करणारा माणूस म्हणाला होता, "अजून हाय, ताई, तो याद करून राह्यला." दुकानात माणसं खोळंबली होती, मला झेरॉक्सचं मोठं काम उरकायचं होतं, आणि मी म्हटलं, "आलं आलं, सगळं आलं," आणि बोटांनी तो एक शब्द मारून मोकळी झाले. आज्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, या बाईच्या मशीनला सगळं कळतं. गुरुवारी तिनं विचारलं तेव्हा मी अर्थ सांगितला, शब्द कोणाचा ते सांगितलं नाही. त्या दोन नाल्यांची नावं कोणत्याही सॉफ्टवेअरातून निघणार नाहीत, कारण ती आत गेलीच नाहीत. पण म्हातारी अजून आहे. तिला ती येतात.

हे पत्र मी युनिकोडमध्ये लिहिलं आहे, तुम्हाला वाचता आलं असतं तर तेवढं बरं वाटलं असतं तुम्हाला. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. सकाळपासून मी तुमच्या आठवणीत रमले आहे असं मला वाटत होतं. खरं तर मी तिला फोन लावायचं टाळत बसले होते. आज शनिवार, सोमवारी माणसं हद्द चालायला येणार. तिचा नंबर समोरच आहे. तिला सांगायचं आहे की आज्यानं काही सोडलं नव्हतं, तो शब्द माझा होता. आता लावते.